आधी ताट, मंग सुई

देऊळघाटच्या प्रेमानंदचा दंड चाळिशीतही अठरा इंचाचा आहे. शिंपी त्याची बाही आजही दोनदा मापतो अन् दोन्ही वेळा मान हलवतो. जिममध्ये सकाळी शंभर किलो छातीवरून वर ढकलताना हा गडी हूं की चूं करत नाही. अन् असा हा माणूस तीन दिवसांपासून एका सुईच्या भीतीनं स्वतःच्याच घरात चोरासारखा फिरत होता. सुई तरी केवढी? करंगळीच्या नखाएवढी!

हसू नका. गोष्ट अंगठ्याची होती.

महिन्याभरापूर्वी त्याच्याच जिममध्ये पाच किलोची लोखंडी चकती डाव्या पायाच्या अंगठ्यावर पडली. "काही नाही होत बे" म्हणून त्यानं हळद चोपडली. पंधरा दिवस गेले, जखम भरेना. मग कडा काळ्या पडायला लागल्या. बायकोनं, सुवर्णानं, त्याला ढकलतच बुलढाण्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी बोटातून थेंब काढला अन् यंत्रावरचा आकडा त्याच्यापुढे धरला. तीनशे शहाऐंशी.

"सध्या गोळ्यांवर भागणार नाही," त्या म्हणाल्या. "जखम सुकेपर्यंत इन्शुलिन. सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी दहा युनिट. टाळाटाळ केलीत तर अंगठा काढावा लागेल." मग चष्म्यावरून त्याच्या दंडाकडे बघून विचारलं, "कधी बॉडीसाठी इंजेक्शनं घेतली होती का? ग्रोथ हार्मोन वगैरे?"

प्रेमानंदनं छताच्या पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

घरी आल्यावर सुवर्णानं औषधाची बाटली फ्रिजच्या दारात ठेवली. याने ती काढून माळ्यावरच्या जुन्या मडक्यात नेऊन ठेवली. पहिल्या संध्याकाळी म्हणाला, "उद्यापासून." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आज पोट बरोबर नाही." तिसऱ्या दिवशी तर जिममध्येच बसून राहिला, पोरं घरी गेली तरी हा एकटाच वजनं पुसत होता.

सुवर्णा अंगणवाडीत सेविका. रडणारी, चावणारी, दाराला लटकणारी पोरं धरून तिनं त्यांना डोस पाजलेले. ती जिमच्या दारात येऊन उभी राहिली.

"काहो, पन्नास पोट्ट्यायले धरते मी रोज. तुमचं एकाचं वजन जास्त हाये, पन मी चार बायका घेऊन येईन."

"तसं नाही वं सुवर्णा."

"मंग कसं हाये? अन् फ्रिज असताना बाटली मडक्यात काऊन ठेवली? त्या मडक्यात तं मी लसूण ठेवू म्हनत होती."

"त्या मडक्यात लसूण नोको ठेवू," तो एवढ्या घाईनं म्हणाला की सुवर्णानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग ती तिथंच बेंचवर बसली. ज्या बेंचवर पोरं छातीचा व्यायाम करतात, त्यावर अंगणवाडीची सेविका पदर सावरून बसली, अन् म्हणाली, "सांगा."

लग्नाला बारा वर्षं झाली, तरी एक गोष्ट त्यानं तिला खोटीच सांगितली होती. ऐन जिल्हा श्रीच्या, बॉडीच्या जिल्हा स्पर्धेच्या, दिवशी ताप आला, नाहीतर ढाल आपल्याच घरात असती, असं तो प्रत्येक पाहुण्याला सांगायचा. तो ताप पंधरा वर्षं चढतच होता. दर वर्षी एक डिग्री जास्त.

खरी गोष्ट त्याच्या मायची होती. तानाबाईची.

तानाबाई शाळेत खिचडी शिजवायची. प्रेमानंद नववीत असताना तिला साखर निघाली अन् सुई सुरू झाली. घरात फ्रिज नव्हता. मग कोपऱ्यात एक लहानसं मडकं आलं, त्याला ओलं फडकं गुंडाळलेलं, आत गार पाणी अन् पाण्यात घट्ट झाकणाची डबी. डबीत इन्शुलिनची बाटली. दवाखान्यातल्या नर्सनं तिला एकदाच शिकवलं होतं. बाटलीवर औषधाच्या ताकदीचा चाळीसचा आकडा पाहायचा, सुईवर मापाचा चाळीसचा आकडा पाहायचा, सुईची टोपी लाल पाहिजे. तानाबाई प्रौढ शिक्षणाच्या वर्गात जेमतेम अक्षरं शिकलेली, पण आकड्यांत पक्की. रोज दोन वेळा शाळेतल्या हजेरीसारखं मोठ्यानं म्हणायची, "चाळीसले चाळीस!" शेजारणी त्यावरून घड्याळ लावायच्या.

अन् तिचा एक नेम होता. आधी ताट, मंग सुई. भाकर टोपल्यात आली, भाजी वाटीत आली, ताट समोर आलं की मगच ती सुई हातात घ्यायची. टोचून झालं की ताटावर दुसरं ताट पालथं घालायची अन् अर्धा तास बसायची. तो अर्धा तास माय-लेकाचा. शाळेत कोणी किती खिचडी सांडली, कोणत्या मास्तरनं तीनदा वाढून घेतली, हे सगळं त्या झाकलेल्या ताटासमोर व्हायचं. प्रेमानंदला भूक लागायची, तो झाकण उचलायला जायचा, ती हातावर चापट मारायची. "थांब. सुईले आत जाऊ दे, मंग भाकर पाठवू. दोघी बरोबर पोचल्या पाहिजे."

पदराच्या टोकाला गुळाचा खडा कायम बांधलेला. साखर एकदम उतरली तर तोंडात टाकायला. शाळेतल्या अर्ध्या पोरांना तो खडा माहीत होता अन् ती पोरं तिच्या मागे मागे फिरायची. दिवसाकाठी तीन खडे लागायचे, त्यातला एकही तानाबाईच्या पोटात जायचा नाही.

या माऊलीचं पोरगं चोविसाव्या वर्षी बॉडीच्या नादी लागलं. तेव्हा देऊळघाटात जिम कुठली! पिठाच्या गिरणीमागं टिनाचं शेड, बैलगाडीचा जुना लोखंडी आस अन् त्याच्या दोन टोकांना सिमेंट भरलेले तेलाचे डबे. पेमाची, म्हणजे आपल्या प्रेमानंदची, छाती त्या डब्यांवर भरली. मायला कौतुक होतं. तो आरशासमोर दंड फुगवायचा तेव्हा ती चुलीपासून म्हणायची, "झालं का बाप्पा? आता तोच दंड इकडे आन, अन् पान्याचा हंडा उचल."

मग तो बुलढाण्याच्या जिममध्ये जायला लागला. तिथं दयाराम भेटला. मूळचा रोहिणखेडचा, दोनदा जिल्हा श्रीत तिसरा आलेला, मान अशी की डोकं थेट खांद्यावरच ठेवल्यासारखं. त्यानं याला ग्रोथची इंजेक्शनं लावून दिली. दोन महिन्यांत पेमा खरंच फुगला. बोटातली अंगठी निघेना, चपला तंग व्हायला लागल्या. पोराला वाटलं, वाघ झालो.

नेमकं तेव्हाच विहारात आरोग्य शिबिर भरलं. मायनं ओढत नेलं. उपाशीपोटी साखर निघाली एकशे ब्याण्णव.

 त्या संध्याकाळी भाकर थापताना तानाबाईच्या डोळ्यांतून पाणी पिठात पडत होतं. "माह्याच रक्तातून गेली रे तुले. मी काही दिलं नाही तुले आतापर्यंत, अन् दिलं तं हेच दिलं."

पेमाला माहीत होतं की हे मायचं नाही, ग्रोथचं आहे. दयारामनं सांगितलंच होतं. पण सांगायचं कसं? तो ताटात मान घालून जेवला. आठ दिवस माय अशीच रडत भाकरी थापत होती अन् तो आठ दिवस असाच जेवत होता. चाळिशीत आल्यावरही सुईपेक्षा जास्त त्याला हेच टोचायचं.

दयारामला त्यानं साखरेवर उपाय विचारला, तर तो हसला. "ग्रोथ साखर चढवतेच बे. म्हनून तं वरतून इन्शुलिन घ्यायची. ते साखर उतरवते, अन् उचलून थेट मसलमधी नेऊन भरते. स्टेजवर असा फुल्ल दिसशील, का पाहनारे पाहत राहतीन." त्यानं स्वतःच्या इन्शुलिन टोचायच्या पेनमधली औषधाची नळी काढून दिली. "स्पर्धेच्या दिवशी दहा घेजो. अन् घेतल्याबरोबर भात-गूळ दाबून खाजो. सुई तं तुह्या घरीच हाये नं?"

आता इथं पोराचं तत्त्व बघा. मायच्या बाटलीला हात लावायचा नाही, ते तिचं औषध, त्यावर ती जगते. चोरी करायची तर फक्त सुईची, तिच्याकडे सुया ढीगभर आहेत. मोठा प्रामाणिक! बाटलीपण मायचीच चोरली असती तर निदान माप तरी बरोबर आलं असतं. पण दयारामची नळी होती शंभरच्या ताकदीची, अन् मायची लाल टोपीची सुई चाळीसच्या मापाची. याने सुईवरच्या दहा रेघा मोजल्या अन् न्हाणीत उभं राहून पोटात टोचून घेतल्या.

जयंतीच्या आदल्या दिवसाची ती सकाळ. संध्याकाळी बुलढाण्यात जिल्हा श्री. चार दिवसांपासून याने भाकर सोडलेली, पाणीही घोट घोट. गालफडं आत गेली होती. चुलीवर भात शिजलेला, शेजारी गूळ फोडून ठेवलेला. न्हाणीतून निघून तो भाताकडे वळला, तेवढ्यात माय दारातून ओरडली, "पेमा, विहारावर झेंडे लावायचे हायेत. शिडीवर चढाले कोनी नाही. पाच मिनिटाचं काम हाये."

जयंतीचे झेंडे. त्याला नाही कोण म्हणणार? अन् "आधी जेवतो" म्हणावं, तर चार दिवस उपाशी पोरगं अकरा वाजता भातावर का तुटून पडतंय, हे मायनं विचारलं असतं. पाच मिनिटं तर आहेत, म्हणून तो गेला.

पाच मिनिटांची चाळीस झाली. सुतळी कमी पडली, मग शिडी हलवली, मग कोणी म्हणालं पहिला झेंडा वाकडा आहे. पेमाच्या हाताला कापरं भरलं. त्याला वाटलं उन्हानं. मग छाती धडधडायला लागली. मग समोरचा निळा झेंडा दोन झाला.

तानाबाई सुतळीचं बंडल घेऊन आली. एप्रिलचं ऊन, सगळेच घामानं भिजलेले, कोणाला काय वेगळं दिसणार? पण सुतळी वर देताना तिचा हात त्याच्या पोटरीला लागला. पोटरी ओली होती अन् गार होती. मडक्यासारखी गार.

"पेमा?"

त्यानं खाली पाहिलं. "कोन बाई हायेस तू? हात सोड."

खाली उभी असलेली माणसं खो खो हसली. पेमा मजाक करून राह्यला! तानाबाई हसली नाही. त्या अवस्थेत ती स्वतः एकदा जाऊन आली होती. शाळेत एका दुपारी तिनं खिचडीत चार वेळा मीठ टाकलं होतं, अन् मुख्याध्यापकांना "तू कोनाचा पोरगा हायेस" म्हणून विचारलं होतं.

नव्वद किलोचा माणूस शिडीवरून उतरवायचा कसा? ओढला तर पडेल. तिनं आवाज एकदम गोड केला. "पेमा, फोटोवाला आला रे बाप्पा. खाली ये, छातीचा फोटो काढून राह्यला."

अन् बघा पोराचा नाद! मायला ओळखत नव्हता, पण फोटो म्हटल्यावर मुकाट खाली उतरला, अन् जमिनीवर पाय टेकताच छाती फुगवून, दंड वाकवून उभा राहिला. त्याच पोझमध्ये तो गुडघ्यावर बसला. तानाबाईनं दातांनी पदराची गाठ सोडली अन् गुळाचा खडा त्याच्या तोंडात कोंबला. "चाव. चाव म्हनते नं!" कोणीतरी साखरेचं पाणी आणलं. घोट घोट पाजलं.

थोड्या वेळानं त्याचे डोळे जागेवर आले. "माय?"

"हाव, माय. आता ओळख पटली का? कोनती सुई घेतली?"

त्यानं सगळं सांगितलं. ती रागावली नाही, घरी जाऊन नळी अन् सुई घेऊन आली, दोन्ही उन्हात धरल्या. "सुईवर चाळीस. याच्यावर शंभर. काऊन बे?"

"दहाच घेतली नं माय."

"दहा रेघा घेतल्या तू. दवा किती गेली ते त्या नळीले माहीत."

"आता बरा हाये मी. मले तयारी करू दे, चार वाजता वजन हाये."

"तू बरा नाही. गूळ बरा हाये. तो सरला की तू परत पडशीन. सुई अजून आत काम करून राह्यली." अन् तिनं रिक्षा बोलावली. रिक्षाला निळे झेंडे लावलेले, वर भोंगा. त्याच थाटात जिल्हा श्रीचा उमेदवार बुलढाण्याला निघाला, मायच्या मांडीवर डोकं ठेवून, दर दोन मिनिटांनी गूळ चावत. बुलढाणा येईपर्यंत तो दोनदा पुन्हा ढिला पडला होता.

दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लागली. डॉक्टरांनी हिशोब सांगितला. या सुईच्या दहा रेघा म्हणजे त्या औषधाचे पंचवीस युनिट, अडीच पट. त्यात चार दिवस उपाशी. "आणि साखर चढली होती ती ग्रोथमुळे," ते म्हणाले. "ग्रोथ शरीरातल्या इन्शुलिनला नीट काम करू देत नाही, रक्तात साखर साठते. ती उतरवायला वरून इन्शुलिन टोचलं की उतरताना कुठं थांबायचं हे तिला कळत नाही. स्नायू एक वेळ दम धरतात. मेंदू नाही धरत."

तानाबाईनं एवढंच विचारलं, "म्हंजे ते एकशे ब्याण्णव माह्यावालं नव्हतं?"

"नाही बाई. ग्रोथ बंद केली की उतरेल ती."

त्यावर तिनं, सलाईन लागलेल्या पोराच्या फाडकन थोबाडीत दिली. नर्स धावत आली. "सुईसाठी नाही मारली," तानाबाई म्हणाली. "आठ दिवस रडवलं मले यानं. भाकरीत मीठ टाकायचं काम राहिलं नव्हतं."

संध्याकाळ झाली. दवाखान्याच्या मागच्याच मैदानात स्पर्धा. खिडकीतून भोंगा ऐकू येत होता. "चेस्ट नंबर सतरा, प्रेमानंद, देऊळघाट! स्टेजवर यावं!" एकदा पुकारलं, दोनदा पुकारलं. तिसऱ्यांदा तानाबाईनं खिडकीकडे तोंड करून उत्तर दिलं, "हजर हाये! पन झोपेल हाये!" सगळा वॉर्ड हसला. पेमा चादरीत तोंड घालून रडला, अन् रडता रडता त्यालाही हसू आलं.

मागून दयाराम केळी घेऊन आला. अंगाला अजून स्टेजचं तेल, वर शर्ट चिकटलेला.

"मावशी, खरंच मले आकड्याचं माहीत नव्हतं. मी पेननं घेतो, त्याच्यात आकडा फिरवला की झालं."

"एवढी मान केली बाप्पा तू," तानाबाई म्हणाली, "खाली वाकून बाटलीवरचा आकडा दिसला नसन." अन् मग त्यातलंच एक केळं सोलून तिनं त्याला खायला लावलं. "तू काय खाल्लं सकाळपासून? खरं सांग." त्यानंही सकाळी टोचून घेतलेलं होतंच. तो मुकाट्यानं चार केळी खाऊन गेला. ग्रोथही त्यानं पुढच्याच वर्षी सोडली म्हणतात.

पेमा परत स्टेजवर गेला नाही. ग्रोथ सुटली, साखर उतरली, अंगठी निघाली. पुढं त्यानं देऊळघाटातच जिम काढली. आत येणाऱ्या प्रत्येक पोराला वजनाआधी एकच प्रश्न, "काय खाऊन आला बे?" अन् गल्ल्याजवळ शेंगदाणे-गुळाची बरणी. पोरांना वाटतं, सर कंजूष, प्रोटीनचा डबा परवडत नाही म्हणून गूळ ठेवला.

तानाबाईला जाऊन चार वर्षं झाली. शेवटपर्यंत दोन वेळा "चाळीसले चाळीस" झालं. मडकं तेवढं राहिलं.

एवढं सांगून प्रेमानंदनं वजनं पुसायचं फडकं खाली ठेवलं. बेंचवर बसलेल्या सुवर्णानं मनाशी काहीतरी हिशोब केला. मग म्हणाली, "म्हंजे ताप नव्हता."

"नव्हता."

"माह्या भावाच्या लग्नात एकशे पाच सांगितला होता तुमी."

"हाव."

"अन् आता सुईची भीती वाटून राह्यली."

"सुईची नाही वं. हातात घेतली की ते सगळं परत येते. झेंडा दोन दिसते. अन् डॉक्टरीणबाईले ग्रोथचं सांगितलं नाही मी. या खेपेची साखर कोनाची हाये, मायची का माही, तेच समजत नाही."

"ते त्यायले सांगू उद्या, त्या पाहतीन. साखर कोनाचीबी असो, अंगठा तं तुमचा हाये," सुवर्णा उठली. "चला घरी."

घरी तिनं आधी भाकरी केल्या. वांग्याची भाजी, वरण. ताट वाढलं अन् त्याच्यासमोर ठेवलं. मग माळ्यावरचं मडकं काढलं, आतली बाटली उजेडात धरली. सुईचं पाकीट फोडलं. "वाचा."

प्रेमानंदनं बाटली जवळ घेतली. मग सुई. मग परत बाटली. घसा साफ केला.

"मोठ्यानं," सुवर्णा म्हणाली. "अंगनवाडीतली पोट्टीबी मोठ्यानं वाचतात."

"चाळीसले चाळीस!"

पलीकडच्या घरातून एक म्हातारी ओरडली, "आगं माय! कोन बोललं?"

दहा रेघा. दोघांनी वेगवेगळ्या मोजल्या. प्रेमानंदनं पोटाची घडी चिमटीत धरली, डोळे गच्च मिटले अन् एवढा मोठा श्वास घेतला जसे दीडशे किलो उचलायचेत. झालं पण. त्याला कळलंही नाही.

"झालं?"

"केव्हाच झालं. डोळे उघडा, पैलवान."

सुवर्णानं ताटावर दुसरं ताट पालथं घातलं अन् समोर मांडी घालून बसली. अर्धा तास.  मग तिनं अंगणवाडीतल्या एका पोरीची गोष्ट काढली, जी खाऊ आपल्या बाहुलीला भरवते अन् मग बाहुलीच्या वाट्याचाही खाते. तो हसायला लागला. हसता हसता त्याचा हात झाकणाकडे गेला. चापट बसली.

तेवढ्यात त्याला दिसलं, मडक्याशेजारी एक वाटी, वाटीत गुळाचा खडा.

"हे काय? मले तं गूळ बंद केला नं?"

"तो खायाचा नाही," सुवर्णा म्हणाली. "तो पाहाऱ्याले हाये. सासूबाईसारखा पदर मले नाही जमत, अंगनवाडीत गाऊन घालून जाते मी कधी कधी."

"गाऊन घालून? अंगनवाडीत?"

"पाह्यलं, डोकं ठिकानावर हाये तुमचं. मी पाहून राह्यली होती." तिनं घड्याळाकडे नजर टाकली. "अजून बारा मिनिटं. तोवर तो एकशे पाचचा ताप नेमका कसा उतरला, ते सांगा."